ब्लाउजचे हुक कोण लावतंय?

पत्र : वय ५४. सहा महिन्यांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. केमोच्या लाल औषधाचे ४ डोस झाले, आता दर आठवड्याच्या १२ पैकी ८ झालेत. अंगात त्राण नाही. मुलगा म्हणतो कोर्स पुरा कर, हॉस्पिटलचं सगळं तोच बघतो. बहीण म्हणते, बास झालं. ब्लाउजचे हुकसुद्धा आता सूनच लावून देते, फार गुणी पोर आहे. मी थांबू का?

ताई, मुलाचं आणि बहिणीचं राहू द्या बाजूला. हुक सून का लावते?

थकवा म्हणू नका. थकलेल्या बाईला पाच मिनिटं जास्त लागतील, पण हुक सापडतो. तुम्हाला तो बोटांना लागतच नसणार. दर आठवड्याचं हे औषध बहुतेक पॅक्लिटॅक्सेल असतं आणि ते संवेदना वाहणाऱ्या नसांना त्रास देतं. आधी मुंग्या येतात, मग बोटांची टोकं बधिर होतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. मधुमेह असेल तर धोका आणखी. कोर्स संपल्यावर बऱ्याच जणींचं हळूहळू सुधारतं, काहींचं वर्षानुवर्षं राहतं.

डोसाआधी रक्त तपासतात, त्यात पांढऱ्या पेशी मोजतात. बधिरपणा त्यात दिसत नाही, तो तुम्हीच सांगायचा असतो. पण डॉक्टर विचारतात तेव्हा मुलगा 'थकवा आहे' म्हणत असणार, आणि सलाइन सुरू! सून गुणी असेलही. तिने निमूट हुक लावले आणि गोष्ट घरातच जिरली, म्हणून मी तिचं कौतुक करणार नाही.

नववा डोस घेण्याआधी, उद्या सकाळीच, केमो देतात त्या डे-केअर विभागाला फोन करा. हे कळल्यावर डॉक्टर डोस कमी करतील, पुढे ढकलतील, औषध बदलतील, किंवा इथंच थांबवतीलही. काखेतल्या गाठींचा आणि ईआर, पीआर, हर-टूचा (कर्करोग कोणत्या प्रकारचा, हे सांगणाऱ्या तपासण्यांचा) रिपोर्ट समोर ठेवून त्यांनाच विचारा : उरलेल्या चारांनी माझा धोका नेमका किती कमी होणार? बहिणीकडे याचं उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

(मेडिकलमधून नसांच्या गोळ्या आणत असाल तर त्या दाखवा. त्यातल्या अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिनने या औषधाचा बधिरपणा वाढल्याचं आढळलं आहे.)

मुलगा केबिनमध्ये आला तर येऊ दे. पहिलं वाक्य तुम्ही बोलायचं : "डॉक्टर, मला माझे हुक लावता येत नाहीत."