संस्था बघायची ती तिन्हीसांजेला

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला स्मृतिभ्रंश झालाय, घरी आता झेपत नाही. संस्थेत ठेवलं तर नातेवाईक 'टाकलं' म्हणणार. आणि ठेवायचंच ठरलं तर चांगली संस्था ओळखायची कशी? बडोद्यातली मराठी कुटुंबं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सारखी येतात. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, आणि इथे दांडिया बाजारातल्या जुन्या घरात साठीची माणसं ऐंशीच्या माणसांना सांभाळताहेत. ही हकीकत अशाच एका घरातली. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

आले होते भाचा आणि भाचेसून. आत्या ७८ वर्षांची, लग्न न केलेली, बँकेतून निवृत्त, पेन्शन चालू, राहतं घर तिच्याच नावावर. अल्झायमरचं निदान आधीच झालेलं. रात्री दोनला उठून "बँकेला उशीर होतोय" म्हणत ती दाराची कडी काढायची, म्हणून भाचेसून तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी गादी टाकून झोपत होती. बोलताना ही बाई सारखा स्वतःचा डावा खांदा दाबत होती. आत्याला कमोडवरून उठवताना तो धरला होता. भाचा मात्र नागपूरच्या बहिणीबद्दलच बोलत होता. तिने फोनवर सुनावलं होतं, "घरावर डोळा ठेवून आत्याला बाहेर काढताय."

मी आधी विचारलं, इतकं कधीपासून बिघडलंय? "गेल्या आठ-दहा दिवसांत फारच." बरं चाललेलं माणूस असं एकाएकी बिघडलं की संस्था शोधायच्या आधी डॉक्टर गाठायचा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, एखादं नवीन औषध, यांनी म्हातारं माणूस चार दिवसांत पार गोंधळून जातं. बी-१२ आणि थायरॉइड तपासायचं, कानात मळ आहे का तेही बघायचं. आत्याच्या लघवीत संसर्ग निघाला. औषधाने ती बरीच सावरली. रात्रीचं उठणं मात्र राहिलं, खांदाही दुखतच राहिला. मग विचार करायला बसलो.

'टाकण्या'चं आधी निस्तरू. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ सालचा आहे. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्या वारसाकडे आहे किंवा पुढे जाणार आहे, त्याच्यावर हा कायदा तिच्या निर्वाहाची जबाबदारी टाकतो. सांभाळायची जबाबदारी असलेल्याने कायमचं सोडून द्यायच्या हेतूने तिला कुठेतरी नेऊन ठेवलं, तर तो गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे भरून, डॉक्टरच्या सल्ल्याने, नियमित ये-जा ठेवून केलेली सोय त्यात बसत नाही. हे ऐकून भाच्याला हायसं वाटलं. बायकोचा खांदा पटत नव्हता, कलम लगेच पटलं!

त्याच्या खिशात मुखत्यारपत्राचा मसुदाही होता. तो मी परत ठेवायला लावला. देणाऱ्याला समजत नसेल तर ती सही कुचकामी, आणि समजत असताना दिलेलं साधं मुखत्यारपत्रही पुढे बुद्धी ढळली की भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे संपतं. पेन्शन खात्याचं आणि घराचं काय करायचं ते वकिलाला विचारा, गरज पडली तर पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागेल, एवढंच सांगितलं. आणि तिचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवा, बहिणीला दर महिन्याला पाठवा.

आता संस्था. नुसत्या वृद्धाश्रमात बहुधा 'चालतं-फिरतं, स्वतःचं स्वतः करणारं' माणूस लागतं. असिस्टेड लिव्हिंगमध्ये आंघोळ, कपडे, गोळ्या यांना मदत मिळते, पण माणसाला आपण कुठे आहोत हे कळतं असं गृहीत धरलेलं असतं. कडी काढून निघणाऱ्या आत्याला मेमरी केअर हवं, म्हणजे सुरक्षित दारं आणि स्मृतिभ्रंशाचं शिक्षण घेतलेली माणसं. माहितीपत्रकावर तिन्ही शब्द एकाच ओळीत असतात, त्यावर जाऊ नका.

मी त्यांना एकच गोष्ट बजावली: संध्याकाळी सहानंतर जा, आणि फोन न करता जा. स्मृतिभ्रंशात दिवेलागणीला जीव कासावीस होतो, फेऱ्या सुरू होतात, घरी जायचा हट्ट सुरू होतो. त्याच सुमारास दिवसपाळी सुटते. सकाळी अकराला कुठलीही संस्था छानच दिसते.

पहिल्या ठिकाणी दारात कारंजं, आत एसी. संध्याकाळी सातला सगळी मंडळी टीव्हीसमोर खुर्च्यांत, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात ताटासाठीची फळी अडकवलेली. जेवण उरकलेलं, तरी फळ्या तशाच. भाचेसुनेने विचारलं, "यांना उठायचं असेल तर?" उत्तर आलं, "पडू नयेत म्हणून." रात्री कोणी अस्वस्थ झालं तर? "डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीय, सगळे शांत झोपतात." 'सगळे' हा शब्द ऐकून ती उठली. चिडचिड शमवायला दिल्या जाणाऱ्या मनोविकाराच्या काही औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ सालीच दिला होता. कधी ती लागतातही, पण माणूस बघून, घरच्यांना सांगून, थोड्या दिवसांपुरती.

दुसरं ठिकाण शहराबाहेरचा जुना बंगला. रंग उडालेला. पडवीत एक सेविका दोन आजींना घेऊन मेथी निवडत बसली होती. त्यातली एक आजी निवडलेली पानं पुन्हा देठांत टाकत होती आणि सेविका तिला काही म्हणत नव्हती. एक आजोबा फाटकाकडे निघाले, तर मुलगा त्यांच्याबरोबर गप्पा मारत चालत गेला आणि वळसा घालून परत आला. हातात धरून खाता येतील असे थेपल्याचे तुकडे वाटीत होते. संडासाला मात्र धरायला दांडी नव्हती आणि रात्री नर्स नव्हती.

मी म्हटलं, दांडी आठवड्यात बसते, स्वभाव बसत नाही. पण रात्रीचं सोडू नका. किती माणसांमागे कोण जागं असतं, रुग्णालय किती लांब, मध्यरात्री गाडी कोण काढतं? डायपर, फिजिओथेरपी वेगळी का? रुग्णालयात असतानाही खोलीचे पैसे लागतात का? अनामत कधी परत? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्या अवस्थेत तुम्ही 'हिला घेऊन जा' म्हणाल? जी संस्था 'कधीच नाही' म्हणते ती खोटं बोलते. इथल्या बाईंनी सरळ सांगितलं, नळीने अन्न द्यायची वेळ आली तर आम्हाला जमणार नाही. मला ते आवडलं. दांडी आणि रात्रीची नर्स लेखी घेतल्यावर महिनाभर बघू या बोलीवर आत्याला ठेवलं.

जाताना भाचेसुनेने एक पान लिहून दिलं. चहा बशीत ओतून पिते. साडी सुटली तर घाबरते, गाऊन चालतो. डाव्या कानाने ऐकू कमी. नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी विरते, आत्याची गुजराती तशी आटत चाललेली. म्हणून पाणी, संडास, दुखतंय, थंडी, एवढं सेविकांना मराठीतून ऐकायची सवय करवली.

"पंधरा दिवस येऊ नका," असं संस्थेने म्हटलं, त्याला मी हरकत घेतली. रोज थोडं, जेवणाच्या वेळी, निघताना निरोपाचा सोहळा न करता जा, म्हटलं. ती "घरी ने" म्हणाली तर 'हेच घर' म्हणून हुज्जत घालू नका, घरी कोण कोण असतं ते विचारा. ती वडिलांची आणि अंगणातल्या झोपाळ्याची गोष्ट सांगायला लागते. दर महिन्याला वजन लिहून मागा. पहिल्या महिन्यात दीड किलो उतरलं होतं, विचारल्यावर दुपारचं खाणं वाढवलं.

नागपूरच्या बहिणीला मी फोनवर सांगितलं, पुढच्या महिन्यात आठ दिवस तुम्ही या, आत्याला रोज जेवायला घाला. ती आली. परत जाताना काही बोलली नाही, पण आता दर महिन्याचा अर्धा खर्च पाठवते.

भाचेसून खांद्याचे व्यायाम करतेय. गेल्या बिलात डायपरचे पैसे दोनदा लागले होते. त्यावरून संस्थेशी वाद चालू आहे, तो भाचा बघतो.