नणंदेची गोळी आणि मुलीचा ओसीडी

प्रश्न : माझी मुलगी 16 वर्षांची आहे. वर्षभरापासून रोज दोन-अडीच तास हात धुण्यात जातात. मनोविकारतज्ज्ञांनी ओसीडी, म्हणजे मंत्रचळ सांगितला आणि दोन्ही घराण्यांतल्या मानसिक आजारांची माहिती लिहून आणायला सांगितली. सासूबाई म्हणतात, "आमच्यात असलं कुणाला नाही." पण नणंदेला कितीतरी वर्षं रात्रीची गोळी चालू आहे आणि आजेसासूबाईंचं सोवळं सगळ्या गावाला माहीत होतं. किती सांगू?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : सगळं सांगा, फक्त आजारांची नावं शोधत बसू नका. मागच्या पिढीत निदान झालेलंच नसतं, त्यामुळे सासूबाई खोटं बोलतात असं नाही. कोण काय करत होतं, कितव्या वर्षी सुरू झालं, कामधंदा थांबला का, कुठले उपचार झाले, कशाने फरक पडला, एवढं प्रत्येकापुढे लिहा. भावंडं, आईवडील, काका-आत्या, मामा-मावशी, दोन्हीकडचे आजी-आजोबा, इतके लोक पुरेत.

आजेसासूबाईंच्या सोवळ्याला सरसकट आजार म्हणू नका. रिवाजाला शेवट असतो. पूजा झाली की सोवळं सुटतं आणि माणूस जेवायला बसतो. पण अंघोळ झाल्यावरही "नीट झालं नाही" म्हणून त्या पुन्हा पुन्हा न्हात असतील, स्वतःच रडकुंडीला येत असतील, तर ते जरूर लिहा. रोज तासाभराहून अधिक वेळ जाणं किंवा रोजचे व्यवहार अडणं ही त्यातली खूण.

खरी महत्त्वाची आहे ती नणंदेची गोळी. तिच्या पाकिटाचा फोटो मिळवा. ती लिथियमची निघाली, तर नणंदेला बायपोलर, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी, असण्याची शक्यता बरीच. ओसीडीसाठी पहिल्यांदा दिली जाणारी औषधं सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, फ्लुवोक्सामिन यांच्या गटातली असतात आणि बायपोलरकडे कल असलेल्या व्यक्तीत (असा कल घराण्यातून मुलीतही आलेला असू शकतो) ती उन्माद, म्हणजे तोच अतिउत्साह, उसळवू शकतात. डॉक्टरांना आधी कळलं तर ते डोस सावकाश वाढवतात आणि घरच्यांना लक्ष ठेवायला सांगतात. चार तास झोपूनही मुलगी ताजीतवानी दिसली, अखंड बोलू लागली, विनाकारण भडकू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.

आणखी तीन गोष्टी हमखास राहून जातात. डोळे मिचकावणं, खांदे उडवणं, घसा खाकरणं अशा लकबी: घराण्यात किंवा मुलीत त्या असतील तर नेहमीचं औषध अपुरं पडल्यावर जोडीला कोणतं द्यायचं ते ठरवायला मदत होते. आत्महत्या किंवा तसा प्रयत्न: हे सांगणं जड जातं, पण सांगाच. आणि रक्ताच्या नात्यात एखाद्याला लागू पडलेलं औषध. मात्र त्याच्या उरलेल्या गोळ्या मुलीला देऊ नका.

औषधाचा गुण दिसायला पुरेशा डोसवर 8 ते 12 आठवडे लागतात. "तीन आठवडे झाले, काही फरक नाही" म्हणून बंद करणं ही नेहमीची चूक. सोबत वर्तनोपचार हवेतच: दाराची कडी धरायची आणि ठरलेली मिनिटं हात न धुता बसायचं, मग मिनिटं वाढवायची. "हो गं, स्वच्छ आहेत हात" हे दिवसातून पन्नासदा सांगणं म्हणजे आजाराला खाऊ घालणं. ते एकदम तोडू नका. थेरपिस्टच्या सल्ल्याने, मुलीला आधी सांगून, कमी करत न्या.

गुप्ततेची भीती असेल, तर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सासूबाईंना तेवढं सांगून पाहा.

प्रश्न : मला 22 व्या वर्षापासून ओसीडी आहे, गॅस, कुलूप तपासत राहतो. आता बराच बरा आहे. लग्न ठरतंय. मुलांना होईल का? आधी जनुकीय चाचणी करता येईल?
– वय 29, पुणे

उत्तर : चाचणीवर पैसे घालवू नका. 2025 साली 53 हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या 30 जागा सापडल्या, पण प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. त्यावरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही. एरवी शंभरात दोन-तीन जणांना आयुष्यात कधीतरी ओसीडी होतो. आईवडील किंवा भावंडाला असेल तर शक्यता साधारण चौपट धरतात. म्हणजे शंभरातल्या नव्वदेकांना होत नाही. आजार लहानपणीच सुरू झालेला असेल तर आनुवंशिक वाटा जास्त असतो. तुमचं तसं नाही. झालाच तरी तुमचं कुलूप मुलाकडे जाईल असं नाही, त्याचं धुणं किंवा मोजणं असू शकतं.

होणाऱ्या पत्नीला लग्नाआधी सांगा, गोळीच्या नावासकट. पुढे मूल दहा-बारा वर्षांचं असताना बाथरूममध्ये तासन्‌तास अडकू लागलं किंवा वहीतली एकच ओळ पुन्हा पुन्हा खोडू लागलं, तर "बापावर गेलाय" म्हणून हसण्यावारी न नेता त्याच महिन्यात दाखवा.