हप्ता आषाढात भरायचा असेल तर

गोव्यातील डिचोली तालुक्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात : “यजमानांची पर्यटक टॅक्सी आहे आणि तिच्या कर्जाचे हप्ते अजून तीन वर्षे फेडायचे आहेत. ऑक्टोबर ते मार्च बरे चालते. पावसाळ्यात मात्र घर माझ्या शिवणयंत्रावर चालते. दोन वर्षांपूर्वी शेजारचे कुटुंब पोर्तुगालला गेले आणि जाताना त्यांनी आपली लॅब्राडोर कुत्री, राणी, आमच्या स्वाधीन केली. ती आता सहा वर्षांची आहे. गेल्या श्रावणात तिला गोचीडताप आला. आठ दिवस सकाळी सलाईन लावायला नेत होतो आणि दुपारी घरी आणत होतो. एकूण ९,४०० रुपये झाले. त्यांतले ५,००० मी बचत गटातून उचलले. आता मुलाने तिच्यासाठी एक विमा शोधला आहे. वर्षाला ६,९०० रुपये हप्ता, शस्त्रक्रिया आणि रुग्णालयात दाखल करावे लागल्यास ४०,००० रुपयांपर्यंत संरक्षण, प्रत्येक दाव्यात दहा टक्के आपले. सासूबाई म्हणतात, ‘माणसांचे धड नाही आणि कुत्रीचा विमा काढतेस?’ विमा नाही काढला तर मी तिच्या जिवाशी खेळते आहे असे वाटते, आणि काढला तर घराशी. काय करावे?”

ताई, तुमच्या पत्रात तुम्ही आकडे व्यवस्थित दिले आहेत, त्यामुळे उत्तरही आकड्यांपासूनच सुरू करता येईल. ज्या ९,४०० रुपयांनी तुमची झोप उडवली, तेच या विम्यासमोर ठेवून पाहा. राणीला रोज सकाळी नेऊन दुपारी घरी आणले जात होते, म्हणजे ती एकही रात्र रुग्णालयात दाखल नव्हती आणि तिची शस्त्रक्रियाही झाली नव्हती. तुम्ही लिहिलेले स्वरूप तंतोतंत खरे असेल, तर हा विमा गेल्या श्रावणात तुमच्या हातात असता तरी त्या बिलातला बहुधा एक रुपयाही परत आला नसता. उलट त्या वर्षी तुमचे ९,४०० अधिक ६,९०० मिळून १६,३०० रुपये गेले असते. ज्या भीतीपोटी आपण विमा काढायला निघालो, त्या भीतीला हा विमा लागू पडतो का, हे विक्रेता सांगत नाही. ते आपणच पडताळायचे असते.

याला जोडूनच एक गोष्ट आहे. राणीला गोचीडताप होऊन गेला आहे, हे विम्याच्या अर्जात लिहावेच लागेल. आधी झालेले आजार विमा कंपन्या बहुधा वगळतात, आणि काही आजारांसाठी सुरुवातीला थांबण्याचा काळ ठेवतात. “लिहू नका, कोण बघणार आहे” असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, कारण दाव्याच्या वेळी डॉक्टरांचे जुने कागद मागितले जातात आणि एक लपवलेली ओळ सापडली की बाकीचा दावाही अडकतो.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब. कुत्र्याच्या विम्यात बहुतेक वेळा आधी आपण खिशातून पैसे भरायचे, बिले आणि अहवाल जोडायचे, आणि नंतर कंपनीकडून परतावा घ्यायचा असतो. माणसांच्या रुग्णालयात कार्ड दाखवून जशी सोय होते, तशी प्राण्यांच्या दवाखान्यात सर्रास होत नाही. याचा अर्थ असा की ३०,००० रुपयांची शस्त्रक्रिया निघाली, तर त्यातले २७,००० तुम्हाला पुढे परत मिळतील हे खरे, पण त्या रात्री दवाखान्याच्या टेबलावर ३०,००० तुम्हालाच ठेवावे लागतील. ज्या घरी ९,४०० रुपयांसाठी बचत गटाकडे जावे लागले, त्या घराची अडचण विमा नसण्याची नव्हे, हाताशी रोकड नसण्याची आहे. आणि रोकड नसेल तर घेतलेला विमाही वेळेला वापरता येत नाही. मी स्वतः आमच्या कुत्र्याच्या पायाच्या मोडलेल्या हाडासाठी रात्री साडेदहाला शेजाऱ्यांकडून पैसे मागितलेले आहेत, म्हणून हे जरा ठासून लिहिते आहे.

म्हणून या वर्षी माझे मत स्पष्ट आहे : विमा आत्ता नको, आधी राणीच्या नावाचे पैसे वेगळे काढा. तुमचे उत्पन्न बारा महिने सारखे नसताना दरमहा सारखी रक्कम बाजूला ठेवण्याचा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत दरमहा १,००० रुपये आणि एप्रिल ते सप्टेंबर दरमहा केवळ १०० रुपये ठेवलेत, तरी वर्षाअखेर ६,६०० होतात, म्हणजे जवळजवळ विम्याच्या हप्त्याइतकेच. फरक इतकाच की वर्ष नीट गेले तर ते तुमच्याकडेच राहतात. हे पैसे घरातल्या डब्यात नको, कारण चतुर्थी जवळ आली की डब्याचे झाकण सैल होते. पोस्टात किंवा बँकेत वेगळे खाते असू द्या. बचत गटातल्या बायकांनाही सांगून ठेवा की हे राणीचे आहेत. लोकांना सांगितलेले पैसे मोडताना माणूस दोनदा विचार करतो.

या पैशातला पहिला खर्च मात्र मी याच हंगामात करायला सांगेन. तुमच्या पत्रात राणीची नसबंदी झाल्याचा उल्लेख नाही, म्हणून ती झालेली नाही असे गृहीत धरते. नसबंदी न झालेल्या, वय वाढत चाललेल्या कुत्रीला फार महागात पडणारा आणि अनेकदा जिवावर बेतणारा आजार म्हणजे गर्भाशयात पू होणे. माज संपल्यानंतर काही आठवड्यांत तो डोके वर काढतो. कुत्री एकाएकी खूप पाणी पिऊ लागते, अन्नाला तोंड लावत नाही, गळून जाते, कधी स्राव दिसतो, कधी तोही दिसत नाही. तेव्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया तातडीची आणि जोखमीची असते, आणि नेमकी तीच शस्त्रक्रिया धडधाकट अवस्थेत नसबंदी म्हणून केली तर खर्च आणि धोका दोन्ही कितीतरी कमी. नसबंदीचा खर्च विम्यात सहसा मिळत नाही, पण ती करून घेतली की विम्याची गरज भासवणारे सर्वांत मोठे कारणच निघून जाते. सहा वर्षे हे वय त्यासाठी उशिराचे नाही. आधी रक्ततपासणी करून घ्यावी आणि राणी माजावर नसताना नसबंदी करावी. पणजीजवळ टोंक येथे पशुसंवर्धन खात्याचे रुग्णालय आहे. तिथे किंवा तुमच्या जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा आणि मगच खाजगी दर विचारा.

गोचिडांसाठी डॉक्टरांनी सांगितलेले औषध पावसाळाभर आणि खरे तर बारा महिने चुकवू नका. आपल्या दमट हवेत गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावर नसतात, भिंतीच्या फटींत आणि अंथरुणाच्या शिवणीतही असतात, त्यामुळे ती झोपते तो कोपरा झाडून उन्हात घालणे हाही औषधाचाच भाग आहे. रेबीजच्या लसीची चिंता नको : मिशन रेबीज या संस्थेची पथके गोव्यात २०१४ पासून गावोगाव मोफत लस देत आली आहेत, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले ते त्या कामामुळेच. बाकीच्या लसी मात्र तुम्हालाच द्यायच्या आहेत, आणि लसीचे पुस्तक जपून ठेवायचे आहे, कारण उद्या विमा काढायचा झाला तर पहिल्यांदा तेच मागतील. जाता जाता एक : चतुर्थीच्या नेवऱ्यांत, म्हणजे करंज्यांत, मनुका असतील तर त्या राणीला देऊ नका. मनुकांनी कुत्र्याचे मूत्रपिंड बिघडू शकते, आणि लॅब्राडोरला नाही म्हणता येत नाही हे मला ठाऊक आहे.

आता विम्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर उत्तर एकांगी होईल. तुमचे घर सुपारीच्या कुळागराच्या किंवा काजूच्या बागेच्या कडेला असेल, तर नाग किंवा घोणस चावण्याचा धोका खरा आहे, आणि प्रतिविषाच्या कुप्यांचा खर्च कोणत्याही डब्यात मावत नाही. गाडीची धडक, गिळलेली वस्तू आतड्यात अडकणे, गाठ निघणे हे प्रसंग क्वचितच येतात, पण आले तर मोठे येतात, आणि विमा अशाच खर्चासाठी असतो. शिवाय वयाची मर्यादा आहे : अनेक कंपन्या ठरावीक वयानंतर नव्याने विमा देत नाहीत, आणि राणी सहा वर्षांची आहे, म्हणजे “पुढे बघू” हे तुम्हाला फार वर्षे म्हणता येणार नाही. हाच मुद्दा मला माझ्याच सल्ल्याविरुद्ध सर्वांत जड वाटतो. म्हणून असे करा : हा हंगाम पैसे साठवा, नसबंदी करून घ्या, आणि पुढच्या जानेवारीत खात्यात दहा-बारा हजार असतील तर विम्याचा पुन्हा विचार करा.

जानेवारी मुद्दाम लिहिले आहे. ज्या महिन्यात विमा घ्याल त्याच महिन्यात दरवर्षी नूतनीकरणाचा हप्ता येईल. आत्ता घाईने आषाढात घेतलात, तर पुढच्या प्रत्येक आषाढात, गाडी दारात उभी आणि मुलाच्या प्रवेशाचे पैसे डोक्यावर असताना, ६,९०० रुपये काढावे लागतील. आणि हप्त्यात खंड पडला की विम्यात धरलेले आजार पुन्हा “आधीचे” ठरू शकतात. विक्रेत्याला त्या दिवशी तीनच प्रश्न लेखी विचारा : दाखल न करता केलेले उपचार मिळतात का, सर्पदंश मिळतो का, आणि वय वाढेल तसा हप्ता किती वाढेल. मृत्यूची किंवा चोरीची भरपाई हे आकर्षण म्हणून पुढे केले तर त्यावर भाळू नका. तशी भरपाई गाई-म्हशींच्या विम्यात उपयोगाची असते, जिथे जनावर मेले की घराचे उत्पन्न बुडते. राणी गेली तर तुमचे दुःख मोठे असेल, पण तिच्या बाजारभावाने ते भरून येणार नाही. आणि आयकरात आरोग्य विम्याच्या हप्त्यावर मिळणारी सूटही कुत्रीच्या विम्याला लागू होत नाही.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्या रागाने बोलल्या असतील, पण बोलल्या ते बरोबर आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेखाली चार किंवा त्याहून अधिक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाख रुपयांपर्यंत आणि तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला अडीच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. तुमचे कार्ड आहे का, त्यात सासूबाईंचे नाव आहे का आणि त्याची मुदत चालू आहे का, हे या आठवड्यात पाहा. गृहिणींसाठीच्या सरकारी गृहआधार योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळत नसतील आणि वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल, तर तोही अर्ज करा. राणीचे पावसाळ्यातले औषध त्यातून निघेल. सासूबाईंना हे कार्ड हातात देऊन मग राणीच्या खात्याचे सांगितलेत तर त्या ऐकतील असे मला वाटते, कारण त्यांची तक्रार कुत्रीविरुद्ध नसून क्रमाविरुद्ध आहे.

विमा न काढणे म्हणजे जिवाशी खेळणे, असे तुम्ही लिहिले आहे. आठ दिवस शिवणकाम बाजूला ठेवून जी बाई कुत्रीला सलाईन लावायला नेते, तिने हे वाक्य स्वतःबद्दल लिहू नये. उद्याच दवाखान्यात नसबंदीची चौकशी करायला जाणार असाल तर राणी शेवटची माजावर कधी आली होती ती तारीख आठवून, लसीच्या पुस्तकावर टिपून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.