वहिनींना बेडजवळून हलवू नका

दादा, तुमचं वाचलं आणि आमचेच दिवस डोळ्यांसमोर आले. मुलाच्या मांडीच्या हाडात पू झाला, ऑपरेशन झालं, आता काही आठवडे शिरेतून इंजेक्शनं. वहिनी रत्नागिरीला दवाखान्यात, तुम्ही देवगडला धाकटीला घेऊन. रेशनकार्डावर मुलाचं नाव नाही म्हणून तालुक्याला आईलाच बोलावलंय, तर तिला दोन दिवस आणू का, असं विचारलंत. नका आणू. तुम्ही जा, भावाला पाठवा, पण त्यांना तिथून उठवू नका. आमच्या मुलीलाही हेच दुखणं होतं आणि कार्डाचं लफडंही हेच.

महात्मा फुले योजना, म्हणजे रेशनकार्डावर दवाखान्यात मोफत उपचार देणारी सरकारी योजना, तुम्हाला माहीत असेलच; कार्डावरच्या नावाची गरज त्यासाठीच. २०२३ च्या निर्णयानंतर पांढऱ्या कार्डालाही ती लागू झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. आमचं कार्ड केशरी, मुलीचं नाव चढवायचं राहिलेलं. ज्या कार्यालयात ते काम होतं त्याचं नाव घेत नाही. तिथल्या खिडकीवर माझ्या नवऱ्याला सांगितलं, "मुलीची आई समोर लागेल." मी सासूबाईंना बेडजवळ बसवून पहाटेच्या एसटीने निघाले. पोचले तर साहेब मीटिंगला. दुपारी सर्व्हर बंद. संध्याकाळी उत्तर मिळालं, "परवा या." आईची सही लागते की अंगठा, कशासाठी लागते, हे कुणी सांगेना. समोर भिंतीवर नाव वाढवायच्या अर्जाचा नमुना ८ चिकटवलेला होता, त्यात आईने हजर राहावं असं कुठेही दिसलं नाही.

त्याच दिवशी सकाळी राउंड झाला. डॉक्टरांनी विचारलं, रात्र कशी गेली? सासूबाई म्हणाल्या, बरी गेली. त्या तरी काय सांगणार, त्या आल्याच होत्या सकाळी. पहाटे तीनला अंग तापलं होतं आणि डाव्या हाताची सुई दुखतेय म्हणून ती रडली होती, हे फक्त मला माहीत. नर्सला मी सांगितलं होतं, पण तिची ड्युटी बदलली. संध्याकाळी मी परतले तेव्हा मुलीचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फुगून चकचकीत झाला होता, औषध शिरेत न जाता बाहेर मांसात उतरत होतं. सुई काढली, दुसऱ्या हाताला शीर मिळेना, शेवटी पायाला लावली. पोर इतकी घाबरली की पुढे पांढरा कोट लांबून दिसला तरी हात पाठीमागे लपवायची. एवढं सगळं एका खिडकीवरच्या "परवा या" पायी. आजही त्या माणसाचा राग येतो.

आणि ते सगळं लागणारच नव्हतं. दवाखान्यात योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतो. त्याने नंतर सांगितलं की लहान मुलाचं नाव कार्डावर नसेल तर जन्मदाखला, आईवडिलांपैकी एकाबरोबरचा फोटो, त्या पालकाचं ओळखपत्र आणि कार्ड, यावर प्रकरण पुढे जातं. आमचं गेलं. तुमच्या मुलाचं वय आणि आजचे नियम बघून तुमचा आरोग्यमित्र काय सांगतो ते आधी विचारा, नाहीतर योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर फोन लावा. तालुक्याची वाट त्यानंतर धरायची. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव घातलेलं आहे ना, तेवढं आजच बघा. आमच्याकडे पुष्कळांचा तो रकाना कोरा असतो. जन्माची नोंद जिथे झाली त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत घालून मिळतं.

आता वहिनींच्या दिवसाबद्दल. माझं ठाम मत आहे की दवाखान्यातला सगळा दिवस राउंडभोवती बांधायचा. मोठे डॉक्टर बेडपाशी दोन-तीन मिनिटंच थांबतात. त्याआधी अंघोळ, कपडे, चहा सगळं उरकून आईने तिथेच असायचं. शंभर पानी वही ठेवा. ताप किती वाजता किती, सुई कुठल्या हाताला आणि कधी घातली, इंजेक्शन चुकलं का, शौचाला झाली का. रक्ताचे रिपोर्टही त्यातच उतरवून घ्या. एक सांगते, अंगातली सूज रक्तावरून कळायला सीआरपी आणि ईएसआर अशा दोन तपासण्या करतात; सीआरपी लवकर उतरतो, ईएसआर उतरायला कितीतरी आठवडे घेतो. ईएसआरचा आकडा बघून मी दोन रात्री रडले होते आणि डॉक्टरांच्या मते सगळं ठीक चाललं होतं. मी डॉक्टर नाही, तुमच्या मुलाचं तुमच्याच डॉक्टरांना विचारा. पण विचारा नक्की, मनात ठेवू नका.

सुई घालताना "दुखणार नाही" असं मुलाला कुणी सांगू नये. दुखतं. आमच्या पोरीला "दुखेल, मी दहा म्हणेपर्यंत" असं सांगायला लागल्यावर ती स्वतःच आकडे मोजायला लागली.

खाण्याचं म्हणाल तर घरची म्हातारी माणसं सांगतील की मासे दिले की जखम चिघळते. आमच्याकडे यावरून मोठा वाद झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अंडी, डाळ, मासे सगळं द्या, हाड भरायला ताकद लागते. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि दुपारी बांगड्याचं तिखलं-भात एवढंच ती पोटभर खायची. पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून जुनी सुती लुगडी फाडून पाठवा. पांघरायला, पुसायला, पडद्याला, सगळ्याला होतात आणि पंख्याखाली सुकतात.

गणपती जवळ आलेत, चाकरमानी येतील आणि गाडी भरून भेटायला निघतील. त्यांना हात जोडून सांगा की फळांच्या पिशव्या नकोत, रात्र द्या. मुलांच्या वॉर्डात रात्री बहुतेक ठिकाणी बाईमाणूसच थांबू देतात, तेव्हा बहीण, आत्या, मामी कुणी एक रात्र पास घेऊन बसली तर वहिनींना सलग झोप मिळेल. फक्त सकाळी राउंडच्या आधी वहिनींनी परत यायचं आणि रात्रीचं सगळं वहीत लिहिलेलं असायला हवं. माझ्या नणंदेने अशा रात्री काढल्या, तिचे उपकार मी विसरणार नाही.

धाकटीला एकदा भेटायला न्या. घरी राहिलेलं मूल काय काय कल्पना करतं ते आपल्याला कळत नाही. आमचा धाकटा ताईचा पाय कापलाय असं समजून बसला होता आणि कुणाला बोलला नाही. वॉर्डात लहान मुलांना सोडत नसतील तर सिस्टरना विनंती करा, आम्हाला व्हरांड्यात खुर्ची टाकून भेटू दिलं होतं.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रेच्या फिल्म हातात घेतल्याशिवाय निघू नका. योजनेत परतीचं एसटीचं भाडंही बसतं, आपण होऊन कुणी सांगत नाही, आरोग्यमित्राकडे मागा. तालुक्याला नाव चढवायचं काम मूल घरी आल्यावर सावकाश करा, आणि जो कुणी आईलाच आणा म्हणेल त्याच्याकडून ते लेखी मागा.