उन्हाळी लागली, की संसर्ग झाला?

करवीर तालुक्यातल्या एका आशाताईंनी विचारलंय: ‘गावात बायका उन्हाळी लागली म्हणतात, दवाखान्याच्या कागदावर मूत्रमार्गाचा संसर्ग लिहिलेलं असतं. महिला मेळाव्यात फळ्यावर उन्हाळी लिहिलं तर चालेल का? आणि ती थंडीतसुद्धा कशी लागते?’

ताई, उन्हाळी जरूर लिहा, फक्त तेवढ्यावर थांबू नका.

संस्कृतातलं ‘उष्ण’ प्राकृतात ‘उण्ह’ झालं आणि मराठीत ‘ऊन’. ते सूर्याचंच असायला हवं असं नाही. आपण ऊन ऊन भात वाढतो, राजापूरजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांना उन्हाळे म्हणतात. तशी उन्हाळी म्हणजे लघवी करताना होणारी आग. शब्दात उष्णता आहे, ऋतू नाही, म्हणून ती पौषातही लागते. ‘ऊन लागलं’ ही मात्र वेगळीच तक्रार.

अडचण अशी, की उन्हाळी हे लक्षणाचं नाव आहे, आजाराचं नाही. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला दिवसभर उन्हात उभं राहायचं, आडोसा नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही. मग संध्याकाळी पिवळीजर्द लघवी होते आणि आग होते. पोटभर पाणी प्यायलं की हे बहुधा निवळतं. पण जंतूंमुळे होणाऱ्या आगीलाही आपण उन्हाळीच म्हणतो. तिच्यात सारखी घाई होते, थेंब थेंब होते, ओटीपोटात कळ येते, लघवी गढूळ दिसते, कधी लालसर. सब्जा, धन्याचं पाणी घेऊन थोडं बरं वाटलं, तरी जंतू जात नाहीत. एकाच शब्दात दोन्ही बसल्यामुळे बायका ‘उष्णता झालीय, उतरेल’ म्हणत दिवस काढतात. मला या शब्दाची काळजी वाटते ती इथंच.

‘लागण’ हा शब्द मात्र फळ्यावर नको. आपल्याकडे उसाची लागण चांगली, माणसाची नाही. लागण म्हटलं की ‘कुणाकडून?’ हा प्रश्न आलाच, आणि घरातल्या सुनेकडे संशयानं बघितलं जातं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ई. कोलाय हा जंतू आपल्याच आतड्यातला असतो. गुदद्वाराजवळून लघवीच्या वाटेनं वर चढतो. बाईची ही वाट जेमतेम 4 सेंटिमीटर, पुरुषाची साधारण 20. बायकांना हा त्रास जास्त का होतो, याचं मोठं उत्तर या आकड्यांत आहे. शरीरसंबंधानंतर जंतू आत ढकलले जाऊन त्रास होऊ शकतो, पण म्हणून तो नवऱ्यानं दिलेला रोग ठरत नाही.

‘मूत्रमार्गाचा संसर्ग’ हा कागदावरचा शब्दही थोडा फसवा आहे. मूत्रमार्ग म्हणजे मूत्राशयापासून बाहेर येणारी नळी, आणि मूत्रपिंडापासून खालपर्यंतची सगळी वाटही. ऐकणाऱ्याला वाटतं दुखणं खालच्या नळीपुरतंच. ते मूत्राशयात असू शकतं, बहुतेक वेळा असतंच. आणि वर मूत्रपिंडापर्यंत गेलं तर हुडहुडी भरून ताप, बरगडीखाली पाठीत-कुशीत दुखणं, उलट्या. ते अंगावर काढायचं दुखणं नव्हे. म्हणून मी ‘मूत्रसंस्थेचा संसर्ग’ लिहीन. शब्द जड आहे खरा, पण आतला कुठलाच भाग सुटत नाही.

धोका कुणाला जास्त, हे सांगताना साधे शब्द पुरतात: गरोदर बाई, पाळी गेलेली बाई, साखरेचा आजार असलेलं माणूस, मुतखडा, प्रोस्टेट वाढलेले आजोबा, लघवीची नळी घातलेला रुग्ण. शिवाय तासन् तास लघवी दाबून ठेवणाऱ्या. ऊसतोडीच्या फडात किंवा बाजारात बसणाऱ्या बाईला ‘दाबून धरू नका’ सांगणं सोपं आहे. तिला जागा कुठली दाखवणार, हेही मेळाव्यात विचारा.

फळ्यावर मी असं लिहीन: ‘उन्हाळी लागली? भरपूर पाणी प्या. एक-दोन दिवसांत आग थांबली नाही, तर लघवी तपासून घ्या. ताप, थंडी, पाठदुखी, लघवीत रक्त असेल, किंवा तुम्ही गरोदर असाल, तर आजच दवाखान्यात या. कुणाच्या उरलेल्या गोळ्या खाऊ नका.’