हप्त्यासाठी वावर विकण्याआधी शाखेत अर्ज द्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पाच वर्षांचं एलएल.बी. झालं, सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे, वडील सहकर्जदार आहेत आणि दारव्हा तालुक्यात पाच एकर कोरडवाहू वावर आहे. ज्यांच्या हाताखाली काम करता ते सीनियर वकील महिन्याला चार हजार देतात आणि दोन महिन्यांनी अकरा हजारांचा हप्ता सुरू होतोय. वडील म्हणतात एक एकर विकायला काढू. मामा म्हणतात कोर्ट सोड, पुण्यात कंपनीत लाग. गावातले म्हणतात थांब, माफी येईल.

गावातल्यांचं आधी निकालात काढू. 2017 ची आणि 2019 ची, दोन्ही कर्जमाफ्या शेतीच्या कर्जासाठी होत्या. पोरांच्या शिक्षणाचं कर्ज त्यात नव्हतं. आपल्याकडे बँकेचा सगळा अनुभव पीक कर्जाचा, म्हणून सल्लाही तोच मिळतो. पण दोन्हींचं घड्याळ वेगळं आहे. अल्प मुदतीच्या पिकांचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर एनपीए होतं, म्हणजे बँक ते अनुत्पादक धरते, तुमचं 90 दिवसांत. कापूस वेचून विकेपर्यंत थांबू म्हणाल तर तोवर खातं एनपीए झालेलं असेल. पहिला हप्ता चुकल्यापासूनच खात्यावर थकबाकीची खूण लागते आणि ती तुमच्याबरोबर वडिलांच्या सिबिलवरही, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरही, उमटते. माझ्या मते खरा धोका इथंच आहे. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज आपल्या राज्यात पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे बिनव्याजी पडतं. उद्या मे महिन्यात वडील पीक कर्जाच्या नूतनीकरणाला गेले आणि बँकेच्या साहेबांनी पोरीचं थकीत खातं दाखवलं, तर बियाण्यासाठी सावकाराच्या दारात जावं लागेल. तो किती टक्के घेतो हे तुम्हाला सांगायला नको.

आता आकडे. दरवर्षी 1 लाख 20 हजार उचल, 10 टक्के दर, शिक्षणाची पाच वर्षं आणि पुढचं एक सवलतीचं वर्ष, सरळ व्याज धरलं तर 2 लाख 40 हजार व्याज चढतं. म्हणजे डोक्यावर 8 लाख 40 हजार. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण 11,100. तुमचा आकडा इथूनच आलाय. पंधरा वर्षं घेतली तर 9,030. पण एकूण भरणा 13 लाख 32 हजारांवरून सव्वासोळा लाखांवर जातो.

त्याआधी एक गोष्ट तपासा. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षणाच्या काळातलं आणि पुढच्या वर्षाचं व्याज सरकार भरतं. कॉलेजच्या मानांकनाची अट आहे. दावा बँकेनं करायचा असतो, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तुम्ही द्यायचा असतो. शाखेत लेखी विचारा, माझ्या खात्यासाठी कोणत्या वर्षाचा दावा केला होता? वरचे 2 लाख 40 हजार याच उत्तरावर अवलंबून आहेत. ओबीसी प्रवर्गात असाल तर ओबीसी महामंडळाच्या व्याज परतावा योजनेचीही चौकशी करा. आयकरातल्या सवलतीचं कौतुक बरेच जण सांगतील. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर वजावट मिळते हे खरं, पण ती जुन्या करप्रणालीत, आणि चार हजारांवर कर बसतोच कुठे? सोडून द्या.

शाखेत काय मागायचं? बँका ज्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेवर चालतात, तिच्यात सुरुवातीला लहान आणि पुढे चढत जाणाऱ्या हप्त्यांची सोय सांगितलेली आहे. परतफेड पंधरा वर्षांपर्यंत, आणि बेरोजगारी किंवा अपुऱ्या कमाईच्या काळात सवलत देण्याचाही उल्लेख आहे. शाखेतल्या नव्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही, म्हणून तोंडी बोलू नका. अर्जात सीनियरचं पत्र, वकिलीच्या सनदेची प्रत, वडिलांचा सातबारा जोडा. पंधरा वर्षं मुदत आणि चढता हप्ता मागा. आणि हे सगळं पहिला हप्ता देय होण्याआधी. एकदा चुकल्यावर त्याच कागदाला पुनर्रचना म्हणतात आणि साहेबाची मान हलेनाशी होते.

लांब मुदतीचं व्याज जास्त जातं, मग ती का घ्यायची? कारण आपली कमाई महिन्याची नाही, हंगामाची आहे. हप्ता लहान ठेवा आणि कापूस-तुरीचे पैसे आले, एखादी फी एकरकमी मिळाली की जादा भरा. बदलत्या दराच्या कर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही. साधा हप्ता धरला तर 9,030 मधले पहिल्या महिन्यात 7,000 व्याजातच जातात. म्हणून पहिल्या वर्षी जादा भरलेले 50 हजार म्हणजे जवळपास दोन वर्षांच्या हप्त्यांतली मुद्दल. भरताना लिहून द्या: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.

मामांचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण पूर्णवेळ पगाराची नोकरी घेतली की सनद स्थगित करावी लागते. आणि 20 मे 2025 च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. तुम्हाला जेएमएफसीचं, म्हणजे याच परीक्षेतून न्यायाधीश व्हायचं, मनात असेल, तर आत्ता कोर्ट सोडणं महाग पडेल. मनात नसेल तर मग तो वेगळा हिशेब, खुशाल जा.

कोर्टात राहूनच कमाई कशी वाढेल? बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर 2024 मध्ये ग्रामीण भागातल्या ज्युनियरला महिन्याला 15 हजार द्यावेत असं सुचवलं. ती शिफारस आहे. सीनियरला दाखवलीत तर ते हसून चहा मागवतील. त्यापेक्षा बँकांच्या पॅनलवरच्या वकिलांसाठी सर्च रिपोर्टचं, म्हणजे जमिनीची मालकी आणि बोजा तपासण्याचं, काम घ्या. दुय्यम निबंधकाकडचा शोध, फेरफार, जुने सातबारे ही पायपीट त्यांना नको असते आणि पैसे लवकर सुटतात. तहसीलला वारस नोंदीच्या तक्रारी, 138 ची (चेक न वटल्याची) प्रकरणं यांत तारखेगणिक थोडं थोडं मिळत राहतं. गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या जिल्ह्याच्या लोक अभिरक्षक कार्यालयाच्या जाहिरातीवरही लक्ष ठेवा. सहायक लोक अभिरक्षकाचं पद शून्य ते तीन वर्षं वकिली झालेल्यांसाठी असतं, दरमहा ठरावीक रक्कम मिळते, खासगी केसेस मात्र घेता येत नाहीत.

राहिलं वावर. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी हमी योजनेत तारण मागत नाहीत, त्यामुळे सातबाऱ्यावर या कर्जाचा बोजा नसावा. इतर हक्कांचा रकाना पाहून घ्या. बोजा नसेल तर बँकेला दिवाणी दावा करून हुकूमनामा मिळवल्याशिवाय त्या जमिनीकडे जाता येत नाही. म्हणून घाबरून एकर काढू नका. कोरडवाहू एकराला घाईत मिळालेला भाव हप्त्यांना दोन-तीन वर्षं पुरेल, मग पुढच्या हप्त्यांना काय विकणार?

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. दाद मिळाली नाही तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा; तिला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. अर्जाचा मसुदा इथं टाका, खाते क्रमांक झाकून. मी वाचून दुरुस्त्या सुचवतो.