डोळा लागतो न लागतो तोच श्वास थांबतो

ताई, माझं वय ५१. शाळेत शिकवते. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, गेल्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली. काही महिन्यांपासून डोळा लागतो न लागतो तोच श्वास थांबतो आणि मी दचकून उठते, छाती धडधडते. एका रात्रीत चार-पाच वेळा असं होतं. मग झोपायचीच भीती वाटते, दिवा लावून बसते आणि श्वास मोजत राहते. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल आला, टेन्शन घेऊ नका म्हणाले. यजमान म्हणतात, मनाचे खेळ आहेत. शेजारच्या वहिनींनी झोपेची अर्धी गोळी दिलीय, अजून घेतली नाही. मी घोरते असं लेक मागे म्हणाली होती. घरात नवी सून आलीय, म्हणून हल्ली मी मागच्या खोलीत एकटीच झोपते. मला झोपेतच काही होईल का?
— झोपेला भिणारी, सांगली

बाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण आज रात्रीही तुम्हाला झोपायचंच आहे. श्वास थांबला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, प्राणवायू कमी होतो, आणि मेंदू झोप मोडून श्वास पुन्हा सुरू करतो. तुम्ही ज्याला घाबरता ते दचकून उठणं म्हणजे बहुधा शरीराची हीच राखण असते. एकदा डोळा लागला की आपण उठणारच नाही, असं समजून जागत बसू नका. मात्र हे मनाचे खेळ आहेत असंही मी म्हणणार नाही. ईसीजी काढला तेव्हा तुम्ही जाग्या होता. झोपेत तुमचा श्वास कसा चालतो, हे त्या कागदावर उमटतच नाही.

जागेपणी आपला श्वास बऱ्याच अंशी जागेपणाच्या जोरावर चालतो. गाढ झोपेत तो रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडच्या पातळीवर चालतो. डोळा लागताना दिवसपाळीचा माणूस उठतो आणि रात्रपाळीचा येऊन बसतो, त्या मधल्या क्षणी खुर्ची रिकामी राहते. असा छोटासा खंड धडधाकट माणसालाही पडतो, फक्त त्याला तो कळत नाही. तुम्हाला कळतो, कारण तुम्ही पहाऱ्यावर बसलेल्या आहात. आणि या पहाऱ्यानं एक नुकसान होतं. घाबरून आपण मोठमोठे श्वास घेतो, त्यानं कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा खाली जातो. मग झोप लागता लागता मेंदूला वाटतं, श्वासाची घाई नाही, आणि खंड आणखी लांबतो. पुन्हा दचकणं, पुन्हा मोठे श्वास. म्हणून अंथरुणावर बसून जोरजोरात दीर्घश्वसन करू नका. भस्त्रिका, कपालभाती करत असाल तर सकाळीच करा.

हे झालं एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, आणि तुमच्या पत्रात त्याच्या खुणा ओळीनं मांडलेल्या आहेत: वय, पाळी जाणं, बीपी, घोरणं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. पाळी गेल्यावर बायकांमध्ये याचं प्रमाण वाढतं. तरी तो लवकर ओळखला जात नाही, कारण घोरणारा, ढेरपोट्या पुरुष एवढंच चित्र सगळ्यांच्या डोक्यात असतं. बाई डॉक्टरांकडे जाते ती झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर अंगात त्राण नसतं असं सांगत, आणि टेन्शनची गोळी घेऊन परत येते. घोरण्याबद्दल ती बोलतच नाही. बाईमाणसानं घोरणं हे आपल्याकडे लाजेचं समजतात. तुम्ही नव्या सुनेच्या संकोचानं मागच्या खोलीत गेलात आणि तुमचा श्वास ऐकू शकेल असं एकही माणूस जवळ उरलं नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे.

तेव्हा पहिलं काम, आज रात्री खोलीत कुणीतरी हवं. यजमानांना सांगा, लेक माहेरी येणार असेल तर तिला सांगा, नाहीतर सुनेलाच सांगा. ‘अगं, मला झोपेत श्वासाचा त्रास होतोय, डॉक्टरांना दाखवायचं आहे, तू थोडा वेळ माझ्याजवळ बसून मोबाइलवर व्हिडिओ काढशील का?’ एवढंच बोला. सुनेपुढे कमीपणा येईल असं वाटत असेल, तर मला उलट वाटतं. सासूनं विश्वासानं काही मागितलं, याचा त्या मुलीला आनंदच होईल. व्हिडिओत घोरणं मध्येच थांबतं का, छाती हलते पण हवा येत नाही असं दिसतं का, नंतर घुसमटून श्वास येतो का, हे डॉक्टर बघतील.

दुसरं काम, छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची चाचणी, मागून घ्या. मिरज-सांगलीत नाही जमलं तर कोल्हापूर-पुण्यात विचारा. अनेक ठिकाणी आता घरीच यंत्र लावून रात्रभराची नोंद घेतात. पण तुमचं दुखणं नेमकं डोळा लागताना होतं, म्हणून कुठली चाचणी योग्य, हे डॉक्टरांनाच विचारा. घरच्या साध्या यंत्राला झोप नेमकी कधी लागली हे कळतंच असं नाही. १० सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबला किंवा मंदावला की ती एक घटना धरतात. तासाला अशा ५ पेक्षा कमी घटना साधारण नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३०च्या वर तीव्र. जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या. गुडघा-पाठीसाठी ट्रामाडॉलसारखी जोरदार वेदनाशामक गोळी चालू असेल तर ती जरूर दाखवा, अशा औषधांनी झोपेतला श्वास मंदावू शकतो.

वहिनींची गोळी परत करा. त्यांचं मन चांगलं आहे, पण झोपेच्या काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि जागं होण्याची शरीराची धडपड मंदावते. तुमचं निदान झालेलं नाही तोवर ती घेऊ नका.

ॲप्निया निघाला तर सीपॅप हे मशीन सुचवतील, नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घशाची वाट उघडी ठेवणारं. बघून माणूस घाबरतो. पण ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय १९८१ साली मांडला, त्याआधी तीव्र रुग्णांना घशाला भोक पाडावं लागायचं. पहिले काही दिवस मास्कचा त्रास होतो, मापाचा मास्क मिळेपर्यंत दुकानदाराच्या मागे लागायला लाजू नका. आणि चाचणीत काही नाहीच निघालं, तर हा बहुधा भीतीचा फेरा असेल. त्यावरही समुपदेशनानं नीट उपचार होतात, तो तुमचा कमकुवतपणा ठरत नाही.

तोवर रात्री कुशीवर झोपा, पाठीवर नको. डोक्याकडची बाजू थोडी उंच करा. जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरका. दचकून उठलात तर श्वास मोजू नका. पाय जमिनीला टेकवा, घोटभर पाणी प्या, तोंड मिटून नाकानं सावकाश श्वास घ्या, आणि परत पडून रेडिओ हळू आवाजात चालू ठेवा म्हणजे कान श्वासाकडे लागणार नाहीत. पण उठून बसल्याशिवाय दम खाली बसत नसेल, पायांना सूज येत असेल, छातीत दुखत असेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर या सगळ्याची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.

आणि शाळेत गाडीवरून जात असाल, रात्रीची झोप अशी तुटलेली असेल, तर चाचणी होईपर्यंत कुणाच्या तरी मागे बसून जा. रिपोर्टवरचा तासाचा आकडा मला जरूर कळवा, आणि यजमानांनी हे पत्र वाचावं असं मला वाटतं, तर त्यांना वाचायला द्या.